दुर्मिळ फुलपाखरे : नमुने गोळा करण्याचा परवाना, विक्री आणि घरातील जुनी पेटी

प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न असा आहे. येत्या हंगामात तो अरुणाचल प्रदेशात फुलपाखरांच्या अभ्यासासाठी जाणार असून कैसर-ए-हिंद, भूतान ग्लोरी यांसारख्या जातींचे नमुने गोळा करण्यासाठी कोणता परवाना लागतो, हे त्याला जाणून घ्यायचे आहे. अभ्यासाला पुरून उरलेले नमुने विकत घेण्याची तयारी एका परदेशी संग्राहकाने समाजमाध्यमावर दाखवली आहे, ते कायद्यात बसते का, हा त्याचा दुसरा प्रश्न. तिसरा प्रश्न घरातला आहे : आजोबांनी हौसेने जमवलेली, टाचण्यांवर लावलेल्या फुलपाखरांची एक पेटी माळ्यावर आहे, तिचे काय करावे? मी बरीच वर्षे एका संस्थेतील कीटकसंग्रह सांभाळते आणि परवान्यांचे अर्ज तयार करणे, ते परत आले की दुरुस्त करणे व त्यांचा पाठपुरावा करणे हा त्या कामाचाच भाग आहे. मी वकील नसल्यामुळे प्रकरण न्यायालयापर्यंत जाण्याची शक्यता दिसली तर वकिलाचाच सल्ला घ्यावा. तोवरच्या वाटेबद्दल मात्र खात्रीने लिहिता येईल.

विक्रीचा मुद्दा आधी घेते, कारण त्याचे उत्तर सर्वांत स्पष्ट आहे. भारतातील जंगलातून पकडलेली संरक्षित फुलपाखरे विकण्यासाठी ज्या परवान्याचा तुम्ही शोध घेत आहात, तो परवाना मुळात अस्तित्वातच नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 9 नुसार अनुसूचीतील, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्यांतील, प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे, आणि या कायद्यातील ‘शिकार’ म्हणजे केवळ मारणे नव्हे. पकडणे, सापळा लावणे आणि तसा प्रयत्न करणे हेही तिच्यात येते. या बंदीला कलम 12 मध्ये जे अपवाद दिले आहेत ते शिक्षण, वैज्ञानिक संशोधन, शास्त्रीय व्यवस्थापन, मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालये व वस्तुसंग्रहालयांसाठी नमुने, आणि सापाचे विष मिळवणे एवढ्यापुरतेच आहेत. व्यापार या यादीत नाही. संशोधनाच्या परवान्यावर पकडलेला नमुना नंतर विकला, तर परवान्याच्या अटीचा भंग होतोच, शिवाय वन्यप्राण्यांपासून झालेल्या वस्तूंच्या व्यवहाराविषयीची वेगळी कलमेही लागू होतात. ‘उरलेले नमुने’ ही कल्पनाच येथे गैरलागू आहे, कारण परवान्यात दिलेली संख्या ही अभ्यासाला आवश्यक म्हणूनच मान्य झालेली असते.

काही जण यातून एक पळवाट सुचवतात : जंगलातले फुलपाखरू पकडायचे नाही, अंडी किंवा सुरवंट आणून घरी वाढवायचे आणि ‘पैदास केलेले’ म्हणून विकायचे. ही पळवाट कायद्याने आधीच बंद केलेली आहे. कायद्यातील ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येत अपृष्ठवंशी जीव येतात आणि त्यांची पिल्ले व अंडीही येतात. म्हणजे संरक्षित जातीच्या पानावरचे अंडे उचलणे हे उडते फुलपाखरू जाळ्यात घेण्याइतकेच गंभीर आहे. बंदिस्त अवस्थेत वाढवलेला प्राणीही कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही. पापुआ न्यू गिनीमध्ये 1978 पासून बुलोलो येथील सरकारी संस्थेमार्फत गावकऱ्यांनी वाढवलेली बर्डविंग फुलपाखरे कायदेशीरपणे निर्यात होतात, आणि केनियात अराबुको-सोकोके जंगलाच्या कडेचे शेतकरी कोष विकून उत्पन्न मिळवतात, हे खरे आहे. त्या योजना चांगल्या आहेत असे माझेही मत आहे. परंतु त्या तेथील कायद्यांनी आखून दिलेल्या आहेत, आणि त्यांचा दाखला देऊन भारतात सुटका होणार नाही. आपल्या परराष्ट्र व्यापार धोरणात वन्यप्राणी व त्यांच्यापासून झालेल्या वस्तूंची निर्यात प्रतिबंधित आहे. सीमाशुल्क विभागाला तेवढे पुरते.

तुम्ही ज्या दोन फुलपाखरांची नावे घेतली आहेत, त्यांच्याबाबत आणखी एक थर आहे. धोक्यात आलेल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीचा ‘साइट्स’ करार भारताला 1976 पासून लागू आहे. त्याच्या परिशिष्ट 2 मध्ये टीनोपाल्पस ही प्रजाती, म्हणजे कैसर-ए-हिंद, आणि भूतानायटिस, म्हणजे भूतान ग्लोरीची प्रजाती, या दोन्ही संपूर्णपणे आहेत. ट्रॉयडीस प्रजातीही त्याच परिशिष्टात असल्यामुळे आपल्या सह्याद्रीत, आंबोलीपासून दक्षिणेकडे सहज दिसणारे सदर्न बर्डविंगही साइट्सच्या नजरेखाली आहे, हे कोकणातल्या हौशी मंडळींना बहुधा ठाऊक नसते. पापुआ न्यू गिनीचे क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग हे तर परिशिष्ट 1 मध्ये आहे, आणि त्याच्या व्यावसायिक आंतरराष्ट्रीय व्यापाराला मज्जाव आहे. 2022 च्या दुरुस्तीपर्यंत साइट्सची अंमलबजावणी आपल्याकडे निर्यात-आयातीच्या नियमांतून होत असे; त्या दुरुस्तीने मूळ कायद्यातच साइट्ससाठी स्वतंत्र प्रकरण आणि अनुसूची 4 घातली, आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. त्याच वेळी सहा अनुसूचींच्या चार झाल्या : प्राण्यांसाठी 1 (सर्वोच्च संरक्षण) आणि 2, वनस्पतींसाठी 3, आणि साइट्ससाठी 4. त्यामुळे 2023 पूर्वी छापलेल्या कोणत्याही क्षेत्रपुस्तिकेत फुलपाखरापुढे दिलेला अनुसूचीचा क्रमांक आज ग्राह्य धरू नये. मार्गदर्शकांच्या कपाटातील जुनी पुस्तिका बघून लिहिलेले अर्ज माझ्याकडे आजही येतात आणि याच कारणाने परत जातात.

अनुसूचीतील नावांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण प्रत्यक्षातील निम्मा गोंधळ तेथेच होतो. फुलपाखरांची मूळ यादी जुन्या वर्गीकरणावर बेतलेली होती. क्रिमझन रोझ हे फुलपाखरू, जे महाराष्ट्रात बागेतही येते, ते त्या यादीत पॉलिडोरस हेक्टर या नावाने होते. आज त्याचे शास्त्रीय नाव पॅक्लिओप्टा हेक्टर आहे. कॉमन माइम या सर्वत्र आढळणाऱ्या जातीचे एक विशिष्ट रूप तेवढे सर्वोच्च संरक्षणात होते, आणि ते रूप ओळखणे कठीण. डॅनेड एगफ्लायसारखे पडीक जमिनीवर घोळ वाढला की हमखास दिसणारे फुलपाखरूही वाघाच्या अनुसूचीत होते, तर काही खरोखर दुर्मिळ जाती यादीबाहेर राहिल्या. दुर्मिळता आणि कायदेशीर संरक्षण या दोन गोष्टी नेहमी एकत्र चालत नाहीत, ही या क्षेत्रातली जुनी अडचण आहे आणि दुरुस्तीनंतरही ती पूर्णपणे मिटलेली नाही. म्हणून अर्ज करताना प्रत्येक जातीचे आजचे नाव, अनुसूचीत छापलेले नाव आणि दोन्ही एकच असल्याचे एका ओळीतले स्पष्टीकरण असा तक्ता जोडावा. वनविभागातील अधिकाऱ्याला कीटकांचे वर्गीकरण येत असेल अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. त्याच्यासमोर राजपत्रातील यादी असते आणि त्याने तीच पाहावी.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. 2015 मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला आणि असे करणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. अरुणाचल प्रदेशाने 2021 मध्ये कैसर-ए-हिंदची निवड केली. हा सन्मान आहे, संरक्षण नव्हे. कायदेशीर संरक्षण अनुसूचीत नाव असल्यानेच मिळते. उलट बाजूने पाहिले तर अनुसूचीत नसलेली फुलपाखरेही सर्वत्र मोकळी नाहीत. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात कोणताही वन्यजीव परवान्याशिवाय हलवता येत नाही, मग तो अनुसूचीत असो वा नसो, आणि राखीव वनात भारतीय वन अधिनियम, 1927 लागू होतो. त्यामुळे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत अगदी सामान्य जातीच्या फुलपाखरावरही जाळे टाकणे गुन्हाच ठरते. केवळ छायाचित्रे काढायची असली तरी अभ्यास म्हणून जाताना कलम 28 खालील प्रवेशाची परवानगी लेखी घ्यावी. पर्यटकाच्या पावतीवर संशोधन करू नये.

आता परवान्याच्या वाटेविषयी. अर्ज त्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करायचा असतो. तुमच्या बाबतीत ते अरुणाचल प्रदेशाचे, महाराष्ट्रात काम असते तर नागपूरचे. दोन राज्यांत काम असेल तर दोन स्वतंत्र अर्ज लागतात, आणि एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात दाखवणे निरुपयोगी आहे. अनुसूची 1 मधील जाती असतील तर मुख्य वन्यजीव रक्षक केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय परवाना देऊ शकत नाहीत. इतर जातींसाठी राज्य सरकारची पूर्वपरवानगी लागते. म्हणून अर्ज हंगामाच्या तोंडावर करू नये, आधीच्या हंगामात करावा. एप्रिलमध्ये उडणाऱ्या फुलपाखरासाठी फेब्रुवारीत केलेला अर्ज बहुधा पुढच्या वर्षासाठीच उपयोगी पडतो.

अर्जात काय लिहावे, यापेक्षा अर्ज कोणाच्या नावाने जावा याला मी जास्त महत्त्व देते. विद्यार्थ्याने एकट्याने केलेला अर्ज कमकुवत असतो. विद्यापीठ किंवा संशोधन संस्थेच्या पत्रावर, मार्गदर्शकाच्या सहीने आणि नमुने शेवटी कोणत्या संग्रहात जमा होतील याच्या त्या संग्रहाने दिलेल्या लेखी संमतीसह गेलेला अर्ज वेगळ्या नजरेने पाहिला जातो. त्यानंतर येतात जातींची नावे, प्रत्येक जातीचे किती नर व किती माद्या, अंडी अथवा सुरवंट हवेत का, कोणत्या वनक्षेत्रात, कोणत्या तारखांना, कोणत्या साधनाने आणि बरोबर कोण असेल. संख्या कमी मागावी आणि तिचे कारण द्यावे. ‘प्रत्येक जातीचे दहा नमुने’ असे सरसकट लिहिलेला अर्ज वाचणाऱ्याच्या मनात लगेच शंका येते, आणि ती शंका रास्त आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर छायाचित्राने मिळते त्यासाठी नमुना मागूच नये. कैसर-ए-हिंदची नोंद करण्यासाठी आज टाचणीची गरज नाही. गुप्तांगांची रचना तपासावी लागणाऱ्या ब्लूज आणि स्किपर गटांतील जातींबाबत मात्र नमुन्याशिवाय निदान होत नाही, आणि तेथे आग्रहाने मागायला हरकत नाही.

कैसर-ए-हिंदबद्दल मी विशेष कडक आहे, आणि त्याला कारण आहे. या जातीचे नर डोंगरमाथ्यावरच्या ठरावीक उंच झाडांच्या शेंड्यांवर जमतात आणि तेथे माद्यांची वाट पाहतात. अशी शिखरे एका परिसरात मोजकीच असतात. वाटाड्याला पैसे देऊन लांब दांड्याचे जाळे घेऊन बसलेला माणूस काही दिवसांत एका शिखरावरचे बहुतेक नर काढून नेऊ शकतो. फुलपाखरे शेकड्यांनी अंडी घालतात, त्यामुळे संग्राहकाने चार पकडल्याने काही बिघडत नाही, हा युक्तिवाद सामान्य जातींसाठी बऱ्याच अंशी खरा आहे. रस्त्यासाठी कापलेला उतार आणि तोडलेली खाद्यवनस्पती यांनी होणारे नुकसान कोणत्याही जाळ्यापेक्षा मोठे असते, आणि कायदा हौशी अभ्यासकाला जितका सहज पकडतो तितका त्या नुकसानाला पकडत नाही, ही टीका मलाही पटते. पण हाच युक्तिवाद मोजक्या शिखरांवर जगणाऱ्या जातीला लावता येत नाही.

ईशान्येकडे जाताना सरकारी परवान्याबरोबर दोन गोष्टी लागतात. पहिली इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात प्रवेशाची परवानगी, जी अरुणाचलाबाहेरील भारतीय नागरिकालाही घ्यावी लागते. दुसरी गावाची संमती. तेथील बरेचसे जंगल प्रत्यक्षात गावसमाजाच्या ताब्यात आहे. ईगलनेस्ट अभयारण्यालगत बुगुन समाजाने स्वतःच्या जमिनीवर उभे केलेले राखीव क्षेत्र हे त्याचे चांगले उदाहरण आहे. इटानगरचा कागद दाखवून गावाच्या जंगलात शिरलेल्या संशोधकाचे पुढे काम होत नाही, आणि त्याच्यानंतर येणाऱ्यांचेही होत नाही. गावबुऱ्यांना, म्हणजे गावप्रमुखांना, आधी भेटावे, काय करणार आहात ते सांगावे आणि परतताना नोंदींची प्रत गावात ठेवावी. त्याचप्रमाणे क्षेत्रात पोहोचल्यावर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला परवान्याची प्रत देऊन पोच घ्यावी. गस्तीवरच्या वनरक्षकाला तुम्ही प्रथमच जाळ्यासह भेटू नये.

नमुना हाती आल्यानंतरची जबाबदारी जास्त मोठी असते, कारण कलम 57 नुसार संरक्षित प्राणी वा वस्तू ताब्यात सापडली की ताबा बेकायदेशीर आहे असे गृहीत धरले जाते आणि तो कायदेशीर असल्याचे सिद्ध करण्याचा भार ताबेदारावर येतो. म्हणून प्रत्येक कागदी त्रिकोणी पाकिटावर, आणि पुढे प्रत्येक टाचणीवर, स्थळ, उंची, तारीख, पकडणाऱ्याचे नाव यांबरोबर परवान्याचा क्रमांकही लिहावा. परवान्यात नसलेली जात चुकून जाळ्यात आली तर ती जागच्या जागी सोडावी. मेलेले सापडलेले संरक्षित फुलपाखरूही कलम 39 नुसार सरकारी मालमत्ता असते आणि ते ताब्यात घेतल्यास 48 तासांच्या आत कळवावे लागते. नमुने अरुणाचलातून महाराष्ट्रात आणण्यासाठी वाहतुकीची परवानगी लागते, आणि कुरिअर कंपनीनेही ती तपासायची असते. डीएनएसाठी पाय तोडून परदेशी प्रयोगशाळेत पाठवणे हा एक वेगळाच विषय आहे : तो जैविक विविधता अधिनियम, 2002 च्या कक्षेत येतो आणि चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय तसे करू नये. या कायद्यानुसार परदेशी नागरिकांना आणि आयकराच्या व्याख्येनुसार अनिवासी ठरणाऱ्या भारतीय नागरिकांनाही भारतातील जैविक साधने मिळवण्यासाठी प्राधिकरणाची मान्यता लागते. परदेशी विद्यापीठात पीएच.डी. करणारे मराठी विद्यार्थी सुटीत घरी येऊन सह्याद्रीत नमुने गोळा करतात तेव्हा हे कलम त्यांना आठवत नाही. नवी जात सापडली तर तिचे नमुने नियुक्त भांडारात जमा करणे हेही याच कायद्याने बंधनकारक आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण हे त्यांपैकी एक.

शास्त्रज्ञ आहोत एवढे सांगून सुटता येते का, याचे उत्तर 2008 मध्ये दार्जिलिंगच्या न्यायालयाने दिले. सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात परवान्याशिवाय कीटक गोळा करताना दोन चेक कीटकतज्ज्ञ पकडले गेले. त्यांच्यापैकी एक नावाजलेला संशोधक होता आणि जगभरातील शास्त्रज्ञांनी त्यांच्या बाजूने निवेदने पाठवली. न्यायालयाने दोघांनाही दोषी ठरवले. एकाला 20,000 रुपये दंड झाला, दुसऱ्याला 3 वर्षे कैद आणि दंड. श्रीलंकेत ‘याला’ राष्ट्रीय उद्यानात शेकडो कीटकांसह पकडलेल्या इटालियन बापलेकांना 2024 मध्ये दोन लाख डॉलरच्या आसपास दंड ठोठावण्यात आला. आपल्याकडे 2022 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि अनुसूची 1 मधील प्राण्याबाबत किमान 3 व कमाल 7 वर्षे कैद व किमान 25,000 रुपये दंड अशी तरतूद आहे. विकत घेणाऱ्यालाही धोका असतो. अमेरिकेत लेसी कायद्याखाली दुसऱ्या देशाचा कायदा मोडून मिळवलेला वन्यजीव आयात करणे, विकणे किंवा विकत घेणे हाही गुन्हा आहे. क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंगची जोडी हजारो डॉलरना विकणाऱ्या एका जपानी व्यापाऱ्याला 2007 मध्ये तेथे 21 महिन्यांची कैद झाली.

आजोबांच्या पेटीचा प्रश्न या सगळ्यापेक्षा नाजूक आहे, कारण तेथे हेतू स्वच्छ असूनही कागद नसतो. कलम 40 प्रमाणे सर्वोच्च संरक्षणातील प्राण्यांच्या वस्तू वारसाने मिळू शकतात, परंतु वारसा मिळाल्यापासून 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसे घोषित करावे लागते. आजोबांकडे मालकीचे प्रमाणपत्र असेल तर काम सोपे आहे. पेटी तुम्हाला ठेवायची नसल्यास 2022 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 42 अ खाली नोटीस देऊन वस्तू सरकारजमा करता येते, मात्र त्याची भरपाई मिळत नाही. प्रमाणपत्र नसेल आणि मुदतही उलटून गेली असेल, तर पेटी गुपचूप एखाद्या मित्राकडे हलवू नका, जाळू नका आणि जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळावर तर मुळीच टाकू नका. ती आहे त्या जागी राहू द्या, बाहेरून आणि आतून छायाचित्रे काढा, प्रत्येक लेबल जसेच्या तसे उतरवून घ्या आणि वकिलाच्या मदतीने जिल्ह्याच्या उपवनसंरक्षकांना स्वतः लेखी कळवा. त्याच पत्रात पेटी संशोधनासाठी एखाद्या संस्थेकडे सोपवण्याची इच्छा नोंदवा; भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र आकुर्डीला आहे आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह मुंबईत आहे. स्थळ आणि तारीख लिहिलेला जुना नमुना संशोधनासाठी मोलाचा असतो, कारण त्या ठिकाणी एकेकाळी काय उडत होते याचा तो पुरावा असतो. लेबल नसलेला नमुना कितीही सुंदर असला तरी त्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी ठरतो, म्हणून टाचण्या स्वच्छ करण्याच्या नादात लेबले काढू नका, आणि जुन्या पेट्यांना कीड लागू नये म्हणून कधी कधी विषारी द्रव्ये वापरली जात, तेव्हा हातमोजे घालूनच पेटी उघडा.

परदेशी संग्राहकाच्या संदेशांना उत्तर देऊ नये, तसेच ते खोडूनही टाकू नयेत. अशा विचारणा ईशान्येकडील वाटाड्यांपर्यंतही जातात, आणि वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाच्या नवी मुंबईतील कार्यालयाला त्या कळवल्या तर त्यांचा माग काढणे शक्य होते. शिखराचे नेमके ठिकाण दाखवणारी छायाचित्रे मात्र तुमच्या खात्यावरून आजच काढून टाकावीत.